दुसरे माप : स्तन-इम्प्लांटच्या आकारनिवडीचा इतिहास

मराठीत 'माप' हा शब्द मोठा अर्थगर्भ आहे. नववधू उंबरठ्यावरचे माप ओलांडून घरात येते, शिंपी अंगाचे माप घेतो, पक्षपाती परीक्षक एखाद्याला झुकते माप देतो आणि चुकार माणूस आपल्या दोषाचे माप दुसऱ्याच्या पदरात टाकतो. माप म्हटले की मापणारा आला, मापला जाणारा आला आणि माप कोणाच्या हातात आहे हा प्रश्नही ओघाने आला.

प्रस्तुत लेखाचा विषय अशाच एका मापाचा आहे. स्तनांत शस्त्रक्रियेने बसविलेले सिलिकोनचे किंवा मिठाच्या पाण्याचे इम्प्लांट काही वर्षांनी बदलावे लागते, तेव्हा नव्याचा आकार कोणी आणि कशाच्या आधारे ठरवायचा? विषय वैद्यकाचा आहे आणि आम्ही मराठीचे अध्यापक. तेव्हा सल्ला देण्याचा आमचा अधिकार नाही, हेतूही नाही. मात्र या प्रश्नाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. स्त्रीदेहाविषयी कोण बोलते, कोणत्या परिभाषेत बोलते आणि कोणाचे बोलणे दप्तरी नोंदले जाते, याचाही तो इतिहास आहे. साहित्याच्या अभ्यासकांना तो परका वाटण्याचे कारण नाही. शिवाय ज्यांनी ग्रंथसंपादन केले आहे त्यांना ठाऊक असते की सुधारित आवृत्ती कोऱ्या कागदावर निघत नाही. आधीच्या आवृत्तीतले दोष, गळलेल्या ओळी, समासातल्या नोंदी हे सारे समोर ठेवूनच ती सिद्ध करावी लागते. पुनर्शस्त्रक्रियेचे नेमके असेच आहे, आणि हे उमगायला वैद्यकाला बराच काळ लागला.

अंगावर बेतून माप घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्यातील एका शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध झाले. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाच्या कातडीतून त्याला नवे नाक करून दिले. या वर्णनातील एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कारागिराने आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून त्याला आकार दिला, मग तो सपाट करून कपाळावर ठेवला, त्याच्याभोवती रेघ आखली आणि तेवढीच कातडी सोडविली. म्हणजे माप आधी उणीव असलेल्या जागेवर घेतले, मग ज्या जागेतून भरपाई करायची तिच्यावर पडताळले. जोसेफ कार्पू यांनी लंडनमध्ये १८१४ साली हीच पद्धत वापरली आणि आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात 'भारतीय पद्धत' हा शब्द रूढ झाला. जागेला विचारून माप घ्यावे, हा त्या मेणाच्या पत्र्याचा धडा. स्तन-इम्प्लांटचा इतिहास हा धडा विसरण्याचा आणि फार उशिरा पुन्हा शिकण्याचा इतिहास आहे.

१८९५ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे व्हिन्सेंझ चेर्नी या शल्यविशारदाने एका गायिकेच्या स्तनातील गाठ काढली. राहिलेली पोकळी भरण्यासाठी तिच्याच कमरेवरील चरबीची एक गाठ काढून त्याने तेथे बसविली. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात एवढाच हेतू. येथे आकाराची निवड जवळजवळ नव्हतीच. दुसरा स्तन हेच माप होते. या पहिल्या नोंदीत 'मोठे' हा शब्द नाही, 'सारखे' हा आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. लेखाच्या अखेरीस आपण या चरबीकडे परत येणार आहोत.

त्यानंतरचा अर्धशतकाहून मोठा काळ टोचण्याचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी व्हिएन्नाच्या रॉबर्ट गर्सुनी यांनी शरीरातील उणिवा भरण्यासाठी पॅराफिन टोचण्याचा प्रयोग केला आणि पाहता पाहता तो स्तनांपर्यंत पोचला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये आणि पुढे अमेरिकेत पॅराफिनची जागा पातळ सिलिकोनने घेतली. सॅन फ्रान्सिस्कोच्या काँडोर क्लबमधील नर्तकी कॅरल डोडा हिने १९६४ च्या सुमारास अशी इंजेक्शने घेतली आणि तिच्या देहाचे वाढते आकडे शहराच्या चर्चेचा विषय झाले. द्रवाला माप असते, पण त्याला हद्द नसते. टोचलेले द्रव्य पेशीजालात पसरे, त्याच्या गाठी होत, जखमा चिघळत आणि काहींना सबंध स्तन गमवावा लागे. नेव्हाडा राज्याला १९७० च्या दशकात अशा टोचणीवर कायद्याने बंदी घालावी लागली. या पद्धतीत दुसरे माप नव्हतेच, कारण घातलेले परत काढता येत नव्हते. दुरुस्तीची शक्यता निर्माण झाली ती द्रवाला आवरण मिळाल्यावर.

ते आवरण मिळाले १९६२ साली, अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ह्यूस्टनच्या एका सार्वजनिक रुग्णालयात. फ्रँक गेरो आणि थॉमस क्रोनिन या दोन शल्यविशारदांनी डाऊ कॉर्निंग कंपनीच्या साहाय्याने सिलिकोन जेलने भरलेली सिलिकोनचीच पिशवी तयार केली. ज्या स्त्रीवर तिचा पहिला प्रयोग झाला ती सहा मुलांची आई होती. ती रुग्णालयात गेली होती छातीवरचे गोंदण काढून घ्यायला. स्तन मोठे करून घेण्याचा विचार तिच्या मनात नव्हता. तिला हवे होते ते पुढे आलेले कान मागे बसवून घेणे. डॉक्टरांनी नवे इम्प्लांट सुचविले, तिने कानांची अट घातली आणि दोन्ही गोष्टी झाल्या. म्हणजे या इतिहासातील पहिले माप तिने मागितलेले नव्हते, तिच्यासमोर ठेवले गेलेले होते. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनमधील आंतरराष्ट्रीय परिषदेत हा शोध मांडला गेला आणि जगभर पसरला. पन्नास वर्षांनी दिलेल्या मुलाखतींत या बाईंनी सांगितले की, आपले स्तन तसेच ताठ राहतील असे वाटले होते, पण इतर बायकांप्रमाणे तेही वयानुसार उतरले. इम्प्लांट तेच राहिले तरी त्याच्याभोवतीचा देह तोच राहत नाही, ही गोष्ट त्या एका वाक्यात आली आहे.

आता आकड्यांच्या परिभाषेकडे वळू. इम्प्लांटचा आकार घनसेंटिमीटरमध्ये, रुग्णालयाच्या बोलीत 'सीसी'मध्ये सांगतात. स्त्रिया मात्र आपल्या देहाविषयी बोलतात ती परिभाषा कपड्यांच्या दुकानातली, म्हणजे 'बी' किंवा 'सी' कपची. ही अक्षरे शस्त्रक्रियेच्या आधीची आहेत. १९३० च्या दशकात कँप आणि वॉर्नर या अमेरिकी कंपन्यांनी ती प्रचारात आणली. त्यांचा अर्थ छातीच्या घेराशी बांधलेला असतो. बत्तीस घेराचा 'सी' आणि अडतीस घेराचा 'सी' यांच्या आकारमानात बराच फरक असतो, शिवाय प्रत्येक उत्पादकाची अक्षरे आपापली. त्यामुळे रुग्ण अक्षर सांगते, डॉक्टर आकडा लिहून घेतो आणि मधल्या भाषांतरात अर्थ सांडतो. भाषांतराचा पेपर शिकविणाऱ्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको. खुद्द आकडाही अपुराच आहे. तीनशे सीसीचे एक इम्प्लांट रुंद आणि सपाट असू शकते, दुसरे अरुंद आणि उठावदार. आकडा एक, देहावर दिसणारे रूप दोन.

ही अडचण दूर करण्यासाठी काही शल्यविशारद घरगुती उपाय सुचवीत आले आहेत: प्लास्टिकच्या पिशवीत मोजून कच्चे तांदूळ भरावेत, ती पिशवी अंतर्वस्त्रात ठेवून दोन-चार दिवस वावरावे आणि मग ठरवावे. ज्या समाजात वधू तांदळाचे माप ओलांडून संसारात पाऊल टाकते, त्या समाजातील वाचकाला या तांदळांची गंमत वाटेल. परंतु हा उपाय पहिल्या शस्त्रक्रियेपुरताच थोडाफार कामाचा. पुनर्शस्त्रक्रियेत तांदूळ ठेवले जातात ते जुन्या इम्प्लांटवर, त्यामुळे ते केवळ 'आणखी किती' एवढेच सांगतात. 'एकूण किती' हे कळायला आत आधी काय आहे ते माहीत असावे लागते; आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या शस्त्रक्रियेचे कागद, इम्प्लांटचे कार्ड, कंपनीचे नाव हे पुष्कळदा हाती नसते. मिठाच्या पाण्याच्या इम्प्लांटमध्ये तर छापील आकड्यापेक्षा अधिक पाणी भरलेले असू शकते. अशा वेळी जुने इम्प्लांट बाहेर काढून त्याच्या पाठीवरची खूण वाचतात, किंवा ते पाण्यात बुडवून किती पाणी सरकले ते पाहतात. मूळ संहिता हाती नसलेल्या संपादकाची जी गत, तीच येथे.

दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज पडते तरी का? परक्या वस्तूभोवती शरीर आपण होऊन एक पातळ कोष विणते. हा कोष आकसला की स्तन कठीण होतो, वेडावाकडा दिसतो, दुखतो. जेम्स बेकर यांनी १९७० च्या दशकात या आकसण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आणि त्या आजही वापरात आहेत. आवरण फाटते, इम्प्लांट खाली किंवा बाजूला सरकते, गर्भारपण आणि वजनातील चढउतार यांनी मूळ स्तन बदलतो. आणि एक कारण असे की आकार मनासारखा वाटत नाही. अमेरिकेतील कंपन्यांनी मान्यतेसाठी सरकारला सादर केलेल्या अभ्यासांत, पुन्हा शस्त्रक्रिया करण्याच्या प्रमुख कारणांत कोषाच्या आकसण्याबरोबर आकार बदलण्याची इच्छा हेही नोंदलेले आहे. पहिले माप चुकले असा त्याचा अर्थ अनेकदा असतो. ते कोणी चुकविले, हे पाहायला पुन्हा इतिहासाकडे जावे लागते.

१९८२ साली अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने अन्न व औषध प्रशासनाला असे कळविले की, लहान स्तन ही विकृती असून तो खरे म्हणजे आजारच आहे. त्या वेळी इम्प्लांटवर कडक निर्बंध आणावेत काय याचा विचार चालू होता, आणि आजार ठरला की उपचार आवश्यक ठरतो. लाखो निरोगी स्त्रियांचे सामान्य अंग एका निवेदनाने रुग्णाचे झाले. नामकरणात किती सत्ता असते हे दाखविण्यासाठी याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. लहान असणे हाच दोष ठरल्यावर 'किती मोठे' याला वरची मर्यादा कोठून यावी?

दहा वर्षांनी लंबक उलट दिशेला गेला. आवरणातून झिरपणाऱ्या जेलमुळे सांधे आणि स्नायूंचे विकार होतात अशा तक्रारी वाढल्या, खटले उभे राहिले आणि जानेवारी १९९२ मध्ये प्रशासनाचे आयुक्त डेव्हिड केसलर यांनी सिलिकोन जेलच्या इम्प्लांटचा वापर थांबविण्यास सांगितले. एप्रिलमध्ये तो अंशतः सुरू झाला, पण अभ्यासाच्या चौकटीत आणि ठरावीक स्त्रियांसाठी: कर्करोगामुळे स्तन गमावलेल्या, जन्मजात व्यंग असलेल्या आणि जुने जेलचे इम्प्लांट फाटल्यामुळे बदलावे लागणाऱ्या. केवळ इच्छा म्हणून मागणाऱ्यांना मिठाच्या पाण्याचा पर्याय तेवढा उरला. पुनर्शस्त्रक्रियेतील स्त्री ही स्वतंत्र वर्ग म्हणून सरकारी दप्तरात आली ती या काळात. डाऊ कॉर्निंगने १९९५ मध्ये दिवाळखोरीचा आश्रय घेतला. १९९९ साली अमेरिकेतील वैद्यक संस्थेच्या समितीने सर्व पुरावा तपासून निष्कर्ष काढला की, इम्प्लांटमुळे सर्वांगीण आजार होतात याला आधार सापडत नाही. मात्र आकसणे, फाटणे आणि त्यापायी पुन्हा पुन्हा होणाऱ्या शस्त्रक्रिया या स्थानिक समस्या मोठ्या आहेत. न्यायालयात आणि वर्तमानपत्रांत गाजलेला प्रश्न एक होता, बायकांच्या वाट्याला प्रत्यक्षात आलेला दुसराच होता.

नोव्हेंबर २००६ मध्ये दोन कंपन्यांच्या जेल इम्प्लांटना पुन्हा मान्यता मिळाली. त्यासाठीच्या अभ्यासांत पहिल्यांदा इम्प्लांट घेणाऱ्या आणि बदलून घेणाऱ्या यांची नोंद वेगवेगळी ठेवली होती. त्यांतील एका अभ्यासात, चार वर्षांच्या आत पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात चौघींमागे जवळपास एक, तर दुसऱ्या गटात तिघींमागे एक असे आढळले. २०११ च्या अहवालात प्रशासनाने सांगितले की, आकार वाढविण्यासाठी इम्प्लांट घेतलेल्यांपैकी पाचांत एकीला आणि कर्करोगानंतर घेतलेल्यांपैकी निम्म्यापर्यंत स्त्रियांना दहा वर्षांत ते काढावे लागते. एक दुरुस्ती दुसऱ्या दुरुस्तीला जन्म देते, हे या आकड्यांचे तात्पर्य.

असे का होते? येथेच दुसऱ्या मापाचे मर्म आहे. पहिल्या वेळी त्वचा, ग्रंथी आणि स्नायू अखंड असतात. इम्प्लांट वर्षानुवर्षे आत राहिले की त्याच्या भाराने त्वचा ताणते, वरचे पेशीजाल पातळ होते, आतला खिसा पसरतो. काही वेळा तो इतका खाली उतरतो की स्तनाची खालची घडीच सरकते. जुने इम्प्लांट काढल्यावर जे सैल, पातळ आणि मोकळे उरते, ते भरून काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे अधिक मोठे इम्प्लांट घालणे. आरशात तात्काळ फरक दिसतो, सैलपणा लपतो, वेगळी त्वचा कापावी लागत नाही आणि नवा व्रणही टळतो. परंतु जे जाल तीनशेच्या भाराने पातळ झाले ते चारशेचा भार अधिक काळ कसे पेलणार? जुने देणे फेडायला नवे, चढ्या व्याजाचे कर्ज काढावे, तसा हा प्रकार. काही वर्षांनी तिसरी वेळ येते आणि तेव्हा हाताशी आणखी कमी उरलेले असते. लहान इम्प्लांट घ्यायचे तर सैल त्वचा आवरून शिवावी लागते, जुना खिसा आक्रसवावा लागतो किंवा स्नायूखाली नवा करावा लागतो. लहान माप हे अशा रीतीने अधिक कष्टाचे काम असते, पण पुष्कळदा तेच टिकाऊ असते.

मेणाच्या पत्र्याचा धडा नव्याने मांडणाऱ्यांत डॅलसच्या जॉन टेबेट्स यांचे नाव प्रमुख आहे. २००२ मध्ये आणि पुढे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्यांनी असा आग्रह धरला की इम्प्लांट इच्छेच्या आकड्याने निवडू नये, देहाच्या मापांनी निवडावे. स्तनाच्या पायाची रुंदी किती, त्वचा ओढली असता किती पुढे येते, ताणल्यावर स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंतचे अंतर किती, वरच्या भागात चिमटीत धरल्यावर जाडी किती. ही जाडी दोन सेंटिमीटरहून कमी असेल तर इम्प्लांट स्नायूखाली घ्यावे. ही मापे घ्यायला एक साधी पट्टी आणि जाडी मोजण्याचा चिमटा पुरतो. त्याच्याही आधी चेडोमिर राडोव्हान यांनी कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेसाठी हळूहळू भरत नेण्याची पिशवी वापरात आणली होती, आणि १९८० च्या दशकात हिल्टन बेकर यांनी शस्त्रक्रियेनंतरही काही काळ कमीजास्त करता येणारे इम्प्लांट सुचविले. या दोन्हींत देहाला हळूहळू बोलू देण्याची जागा होती.

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. आकार देहाच्या मापांनी ठरणार आणि ती मापे डॉक्टर घेणार, तर बाईच्या म्हणण्याला उरले काय? ह्यूस्टनच्या रुग्णालयात डॉक्टरने सुचविले, १९८२ मध्ये संघटनेने ठरविले, १९९२ मध्ये सरकारने ठरविले. आता पट्टी आणि चिमटा ठरविणार काय? शंका आणखी गडद होते ती शस्त्रक्रियागृहात. पुनर्शस्त्रक्रियेत अखेरचा निर्णय बहुधा टेबलावरच होतो. जुना कोष उघडल्यावर आतली स्थिती कळते, तात्पुरती नमुना-इम्प्लांट्स घालून पाहतात, टेबल उचलून रुग्णाला बसती करतात आणि दोन्ही बाजू न्याहाळतात. तिच्या देहाचे माप ठरते त्या क्षणी ती स्वतः भुलीखाली असते.

आमच्या मते या शंकेचे उत्तर मर्यादा आणि निवड यांतील फरकात आहे. देहाची मापे मर्यादा सांगतात: याच्या पुढे गेल्यास काय बिघडेल, याच्या मागे आल्यास काय शिवावे लागेल. त्या मर्यादेच्या आत निवड तिची. भूल देण्यापूर्वीच कमाल आणि किमान आकडा तिच्याशी बोलून लिहून ठेवला, दोन्ही बाजू सारख्या होत नसतील तर कशाला प्राधान्य द्यायचे हे विचारून ठेवले, तर ती निजलेली असतानाही तिचे म्हणणे त्या खोलीत हजर राहते. टेबेट्स यांच्या मापांचा खरा उपयोग डॉक्टरचा निर्णय पक्का करण्यासाठी नाही. 'का नाही' याचे कारण तिला आकड्यांत दाखविता येते यासाठी आहे. कारण कळले की नकारही समजून घेता येतो, वाटल्यास त्याच्याशी वादही घालता येतो.

आणखी एक माप या निवडीत धरलेच पाहिजे: शून्य. त्याची कहाणी २०१० नंतरची आहे. फ्रान्समधील पीआयपी ही कंपनी इम्प्लांटमध्ये वैद्यकीय दर्जाचे नसलेले, औद्योगिक सिलिकोन भरत असल्याचे मार्च २०१० मध्ये उघड झाले. फ्रान्समध्ये सुमारे ३० हजार स्त्रियांच्या अंगात ही इम्प्लांट्स होती. डिसेंबर २०११ मध्ये तेथील सरकारने ती काढून घेण्याचा सल्ला दिला. काढण्याचा खर्च सरकार सोसणार, पण नवी बसविण्याचा खर्च केवळ कर्करोगानंतर पुनर्रचना झालेल्यांना मिळणार, असे ठरले. इंग्लंडमध्येही खासगी दवाखान्याने जबाबदारी टाळल्यास सरकारी सेवा इम्प्लांट काढून देईल, नवे देणार नाही, अशी भूमिका जानेवारी २०१२ मध्ये घेतली गेली. ज्यांनी बदलाची इच्छाही केली नव्हती अशा हजारो जणींपुढे दुसऱ्या मापाचा प्रश्न येऊन पडला, आणि ज्यांच्यापाशी पैसे नव्हते त्यांच्या वाट्याला शून्य आले. जुलै २०१९ मध्ये खरखरीत आवरणाची काही इम्प्लांट्स एका दुर्मीळ लसिका-कर्करोगाशी असलेल्या संबंधामुळे जगभरातून मागे घेतली गेली, तेव्हा लक्षणे नसलेल्यांनी ती काढू नयेत असा अमेरिकी प्रशासनाचा सल्ला होता. तरीही आत ठेवायचे की काढायचे, हा विचार ज्याच्या त्याच्या घरी झालाच असणार.

लादलेले शून्य आणि निवडलेले शून्य यांत मात्र मोठे अंतर आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकी प्रशासनाने प्रत्येक इम्प्लांटबरोबर ठळक इशारा आणि रुग्णाने वाचून सही करायची निर्णयसूची सक्तीची केली. ही वस्तू जन्मभराची नाही, हे आता पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीच तिच्यासमोर ठेवले जाते. म्हणजे पहिले माप ठरवितानाच दुसऱ्याची कल्पना द्यावी लागते. ज्यांना इम्प्लांट पुन्हा नको, त्यांच्यासाठी एक जुनी वाट नव्याने मोकळी झाली आहे. स्वतःच्याच शरीरातील चरबी स्तनात भरण्याला अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने १९८७ मध्ये विरोध केला होता. २००९ मध्ये तिच्याच कृतिगटाने पुराव्याचा फेरविचार करून ती भूमिका सौम्य केली. चरबी थोडीच भरता येते, काही विरघळते, एका बैठकीत काम भागत नाही. परंतु लहान इम्प्लांटवर किंवा इम्प्लांटशिवायही पातळ झालेल्या जालाला तिचा आधार होतो. चेर्नी यांनी १८९५ साली त्या गायिकेच्या कमरेवरून उचललेली चरबी अशी फिरून आली आहे. तिच्यासोबत 'मोठे' ऐवजी 'सारखे' हा जुना शब्दही येत आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्याने तर, विम्यातून कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळत असेल तेथे दोन्ही बाजू सारख्या करण्यासाठी दुसऱ्या स्तनावर करावी लागणारी शस्त्रक्रियाही विम्यात धरलेली आहे.

मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांतही या शस्त्रक्रिया होतात. मराठी बोलणारी एखादी स्त्री त्या खोलीत बसते तेव्हा तिच्यापाशी या विषयाचे शब्द फारसे नसतात, ही आमच्या विषयाशी निगडित अडचण आहे. सीसी हा डॉक्टरचा शब्द, कप हा दुकानाचा. 'फार जड वाटते', 'झोपताना टोचते', 'मला माझ्यासारखे दिसायचे आहे' ही तिची वाक्ये. ती वाक्ये कोणत्याही पट्टीवर उतरत नाहीत, म्हणून ती मापात धरायची नाहीत असे मात्र होता कामा नये. पुण्याच्या त्या कारागिराने मेण आधी जखमेच्या जागेवर ठेवले, कपाळावर नंतर. दुसरे माप घेतानाही क्रम तोच राहावा: आधी जिचा देह तिला विचारावे, मग देहाला काय पेलते ते मोजावे, आणि आकडा सर्वांत शेवटी लिहावा.